वरच्या फळीत पुढचं कोण? अमेरिकी कॉलेज फुटबॉल आणि कॉन्फरन्सची फेररचना

उत्तरवारा | १२ जानेवारी २०२६

५ जानेवारीला नॅशव्हिलमध्ये एफसीएसची, म्हणजे डिव्हिजन वनमधल्या (कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या विभागातल्या) खालच्या फळीची, अंतिम लढत झाली. इलिनॉय स्टेटने ओव्हरटाइममध्ये आधी टचडाउन (सहा गुण) केला, पण त्यावरची एका गुणाची किक माँटाना स्टेटने अडवली. मग माँटाना स्टेटची पाळी. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, दहा यार्ड पुढे जायचं होतं, चुकलं तर सगळं संपलं. त्यावर टचडाउनचा पास, पाठोपाठ किक, ३५-३४. १९८४ नंतरचं त्यांचं हे पहिलं विजेतेपद.

आपल्याला रणजीची सवय. प्लेट गटात जो गाजवतो तो एलिटमध्ये जातो. त्यामुळे माँटाना स्टेट आता एफबीएसमध्ये, म्हणजे वरच्या फळीत, जाणार, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. गेल्या चार वर्षांत सहा विद्यापीठं वर गेली: २०२२ मध्ये जेम्स मॅडिसन, २०२३ मध्ये जॅक्सनव्हिल स्टेट आणि सॅम ह्यूस्टन, २०२४ मध्ये केनेसॉ स्टेट, २०२५ मध्ये डेलावेर आणि मिझुरी स्टेट. या सहांची मिळून एफसीएसची विजेतेपदं चार. नॉर्थ डकोटा स्टेटची एकट्याची दहा, आणि २०२५ च्या हंगामातही ती खालीच होती.

पुढे कोणाचा नंबर लागेल आणि का, यावर बोलूया. नुसत्या अफवा नकोत, नियम आणि आकडे येऊद्यात.

हिशेबनीस | १२ जानेवारी

आधी नियम मांडतो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

पहिली अट निमंत्रणाची. एफबीएसमधल्या एखाद्या कॉन्फरन्सने (एकमेकांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने) रीतसर बोलावल्याशिवाय एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, अर्जच घेत नाही. स्वतंत्र संघ म्हणून वर जाण्याचा रस्ता बंद आहे. सॅक्रॅमेंटो स्टेटने तो उघडून घ्यायचा प्रयत्न केला, त्यांची सूट मागणारी विनंती जून २०२५ मध्ये फेटाळली गेली.

दुसरी अट पैशाची. ऑक्टोबर २०२३ पर्यंत अर्जाचं शुल्क ५ हजार डॉलर होतं, ते एका झटक्यात ५० लाख डॉलर झालं. त्याच निर्णयात घरच्या सामन्यांना सरासरी १५ हजार प्रेक्षकांची जुनी अट काढून टाकली. तिच्या जागी स्कॉलरशिपचा हिशेब आला: किमान १६ खेळ, त्यांत मिळून मंजूर मर्यादेच्या ९० टक्के स्कॉलरशिपा, आणि वर्षाला किमान २१० स्कॉलरशिपा किंवा ६० लाख डॉलर इतकी तरी मदत. एफसीएसला १४ खेळ पुरतात, तेव्हा अनेकांना इथेच दोन नवे खेळ उभे करावे लागतात.

तिसरी गोष्ट वेळेची. स्थित्यंतर दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी तुम्ही एफसीएसमध्येच खेळता, पण प्लेऑफला पात्र नसता. डेलावेर २०२४ मध्ये ९-२ (नऊ विजय, दोन पराभव) होता आणि प्लेऑफच्या वेळी घरी बसला. दुसऱ्या वर्षी एफबीएसचं वेळापत्रक, त्यात घरच्या मैदानावर किमान पाच सामने एफबीएस संघांशी. या वर्षी बाउल सामनाही (हंगामानंतरचा मानाचा सामना) मिळत नाही. अपवाद एकच, सहा विजय मिळवलेले संघ कमी पडले तर उरलेली जागा मिळते. २०२३ मध्ये जेम्स मॅडिसन आणि जॅक्सनव्हिल स्टेट तसेच आत आले, २०२५ मध्ये डेलावेर आणि मिझुरी स्टेट.

सह्यकडा | १२ जानेवारी

हिशेबनीस, स्कॉलरशिपांचं थोडं फोडून सांगाल का? पूर्वी एफबीएसला ८५ आणि एफसीएसला ६३, म्हणजे फक्त २२ चा फरक. तेवढ्यासाठी एवढा खर्च का?

हिशेबनीस | १२ जानेवारी

२२ चा आकडा फसवा आहे. एफसीएसमध्ये ६३ स्कॉलरशिपांचे तुकडे करून त्या जास्त खेळाडूंत वाटता यायच्या. एफबीएसमध्ये ८५ म्हणजे ८५ पूर्ण. आणि टायटल नाइन हा कायदा आहेच, पुरुषांच्या बाजूला वाढलेल्या मदतीला महिला खेळांत तोल द्यावा लागतो. म्हणून फुटबॉल वर गेला की पाठोपाठ महिलांचा एखादा नवा संघ सुरू झालेला दिसतो.

जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची (खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या खटल्याची) तडजोड मंजूर झाल्यापासून गणित आणखी बदललं. ज्यांनी ती स्वीकारली त्यांना स्कॉलरशिपांची मर्यादा नाही, त्याऐवजी संघात खेळाडू किती याची मर्यादा आहे, फुटबॉलला १०५. शिवाय खेळाडूंना थेट पैसे देता येतात, २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. वर जाऊ पाहणारं कोणी तिथपर्यंत पोचणार नाही, पण काहीच दिलं नाही तर चांगला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) एका हंगामात निघून जातो.

रेडरिव्हर | १३ जानेवारी

खालची जागा वरच्या धक्क्यामुळे रिकामी होते. तो धक्का कसा उतरत येतो ते पाहिल्याशिवाय "पुढचं कोण" याला अर्थ नाही.

जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी बिग १२ ही कॉन्फरन्स सोडून एसईसी या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं. बिग १२ ने ती भोकं बुजवायला सिनसिनाटी, ह्यूस्टन, यूसीएफ आणि बीवाययू घेतले. पहिले तीन अमेरिकन कॉन्फरन्समधून आले, म्हणून अमेरिकनने कॉन्फरन्स यूएसएमधून एकदम सहा उचलले: यूएबी, फ्लोरिडा अटलांटिक, शार्लट, नॉर्थ टेक्सस, राइस, यूटीएसए. त्याच सुमारास सन बेल्ट या कॉन्फरन्सनेही मार्शल, ओल्ड डोमिनियन आणि सदर्न मिस पळवले, आणि सोबत एफसीएसमधून जेम्स मॅडिसनला घेतलं. कॉन्फरन्स यूएसए जवळजवळ रिकामी झाली. म्हणून तिने लिबर्टी, न्यू मेक्सिको स्टेट, जॅक्सनव्हिल स्टेट आणि सॅम ह्यूस्टन यांना बोलावलं. ऑस्टिन आणि नॉर्मनमधल्या (टेक्सस आणि ओक्लाहोमा विद्यापीठांच्या गावांतल्या) निर्णयाने अलाबामातल्या जॅक्सनव्हिलचं नशीब उघडलं, त्यांच्या स्वतःच्या विजयांचा त्यात वाटा थोडाच.

दुसरा धक्का पश्चिमेचा. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए यांनी पॅक-१२ ही पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स सोडून बिग टेनमध्ये जाणार असं जाहीर केलं. पॅक-१२ ला प्रक्षेपणाचा करार जमेना. जुलै २०२३ मध्ये कोलोराडो गेलं, ४ ऑगस्टला एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा गेले, १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल एसीसी या बड्या कॉन्फरन्समध्ये. उरले दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. शंभर वर्षांहून जुनी कॉन्फरन्स महिन्याभरात रिकामी झाली. याचं वाईट वाटायला त्यातल्या कुठल्या विद्यापीठात शिकलेलं असण्याची गरज नाही.

त्या दोघांनी नाव सोडलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. एफबीएस कॉन्फरन्सला किमान आठ फुटबॉल संघ लागतात, त्यांना दोन वर्षांची सवलत मिळाली, १ जुलै २०२६ पर्यंत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून बॉइसी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट घेतले. गोंझागा आलं, पण त्याला फुटबॉलच नाही. आठवा संघ टेक्सस स्टेट, तारीख ३० जून २०२५. ती तारीख लक्षात ठेवा. एक दिवस उशीर झाला असता तर सन बेल्ट सोडण्याचं शुल्क ५० लाखांवरून १ कोटी डॉलर झालं असतं.

प्रेअरी | १३ जानेवारी

रेडरिव्हर, उत्तम मांडलंत. आता त्याचं टोक इकडे वळवतो. माउंटन वेस्टमधून पाच गेले. राहिले एअर फोर्स, यूएनएलव्ही, नेव्हाडा, न्यू मेक्सिको, सॅन होजे स्टेट, वायोमिंग आणि हवाई. त्यांनी यूटेप घेतलं आणि नॉर्दर्न इलिनॉयला फक्त फुटबॉलपुरतं घेतलं. झाले नऊ. दहावी जागा नॉर्थ डकोटा स्टेटची असायला हवी, हे मी ठामपणे म्हणतो.

कारणं देतो. २०११ ते २०२४ मध्ये दहा विजेतेपदं. २०१६ मध्ये आयोवाच्या घरी, देशात १३ व्या क्रमांकावर असलेल्या संघाला शेवटच्या सेकंदाच्या फील्ड गोलवर (खांबांमधून मारलेल्या तीन गुणांच्या किकवर) २३-२१ हरवलं. यंदाही साखळीत १२-० होते. मग प्लेऑफमध्ये याच इलिनॉय स्टेटने फार्गोत, म्हणजे त्यांच्याच गावी, येऊन २९-२८ ने घात केला. एकोणीस हजारांच्या आसपास क्षमतेचा बंदिस्त फार्गोडोम आहे, नोव्हेंबरच्या थंडीचा प्रश्न नाही.

आणि सर्वांत मोठी सोय: त्यांचे बाकीचे खेळ समिट लीगमध्ये आहेत, फुटबॉल मिझुरी व्हॅलीत. समिटला फुटबॉल नाहीच. फुटबॉल एकटा उचलून दुसरीकडे ठेवला तर समिटचं काही मोडत नाही. नॉर्दर्न इलिनॉयने हेच केलं, फुटबॉल माउंटन वेस्टला आणि उरलेलं होरायझन लीगला.

हिशेबनीस | १३ जानेवारी

प्रेअरी, संघाच्या ताकदीबद्दल वादच नाही. अडचण मैदानाबाहेरची आहे.

फार्गो आणि आसपासची वस्ती अडीच लाखांच्या घरात. प्रक्षेपण कंपनी कॉन्फरन्सला पैसे देताना टीव्हीचे संच मोजते, चषक मोजत नाही. नवा सदस्य आला आणि कराराची रक्कम तेवढीच राहिली, तर प्रत्येक जुन्या सदस्याचा वाटा कमी होतो. म्हणून नवा सदस्य स्वतःचं ओझं स्वतः उचलून आला पाहिजे: प्रवेशाचे पैसे द्यायचे आणि काही वर्षं प्रक्षेपणाचा वाटा सोडायचा. एसएमयूने एसीसीत शिरण्यासाठी नऊ वर्षांच्या प्रक्षेपण उत्पन्नावर पाणी सोडलं. डॅलसचे धनिक देणगीदार पाठीशी होते म्हणून ते परवडलं. फार्गोत तेवढं पाठबळ आहे का, हा खरा प्रश्न.

प्रवासाचंही बघा. फार्गो ते होनोलुलू हा हिशेब मांडून पाहिला की डोळे पांढरे होतात. हवाईला जाणाऱ्या संघाला नियमाप्रमाणे एक जादा, तेरावा सामना घेता येतो, तो घरी ठेवला तर थोडी भरपाई होते. पण थोडीच.

प्रेअरी | १३ जानेवारी

फुटबॉलसाठी हवाई बेटांवर जायचं ते दोन वर्षांतून एकदा. सगळे खेळ नेले तर प्रवासाने कंबर मोडेल, म्हणूनच मी फुटबॉलपुरतं म्हणतोय. आणि वाटा सोडायला लागला तर सोडावा. खाली राहून तरी काय कमावताहेत? एफसीएसच्या प्लेऑफमध्ये घरचे तीन सामने भरले तरी एका मोठ्या संघाकडे जाऊन खेळल्याच्या मानधनाशी तुलना होत नाही.

अनुजा_नाशिक | १३ जानेवारी

हे मानधन म्हणजे काय ते नीट सांगता का कुणी? मोठा संघ छोट्याला हरण्याचे पैसे देतो असं वाचलंय, ते खरं?

रेडरिव्हर | १३ जानेवारी

हरण्याचे नाही, येण्याचे. मोठ्या विद्यापीठाला घरचा सामना हवा असतो, कारण एका सामन्याचं तिकीट, पार्किंग, खाणंपिणं मिळून मोठी रक्कम होते. परतीचा सामना खेळायला स्वतः जायचं नसतं. म्हणून ते छोट्याला एकरकमी पैसे देऊन बोलावतात. २००७ मध्ये मिशिगनने अ‍ॅपलेचियन स्टेटला ४ लाख डॉलर दिले होते. शेवटच्या क्षणी मिशिगनची फील्ड गोलची किक अ‍ॅपलेचियनने अडवली आणि सामना ३४-३२ ने जिंकला. ते २०१४ मध्ये सन बेल्टमध्ये गेले. त्यांच्याच सोबत जॉर्जिया सदर्न गेलं, ज्यांनी २०१३ मध्ये फ्लोरिडाला एकही पास पूर्ण न करता २६-२० हरवलं होतं.

एफबीएसमध्ये गेल्यावर हा दर बराच वाढतो, दहा लाख डॉलरच्या वर जातो. वर जाण्याचं हे एक मोठं कारण आहे, प्रसिद्धीपत्रकात लिहीत नाहीत एवढंच.

कृष्णाकाठ | १४ जानेवारी

सॅक्रॅमेंटो स्टेटवर इथे फारसं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. नॉर्थ डकोटा स्टेटच्या बरोबर उलटं प्रकरण आहे. विजेतेपद शून्य, पण शहर मोठं, कॅलिफोर्नियाची राजधानी, मोठी टीव्ही बाजारपेठ. स्टेडियम एकवीस हजारांचं. बिग स्काय ही एफसीएसची कॉन्फरन्स सोडून बाकीचे खेळ २०२६ पासून बिग वेस्टमध्ये नेण्याचं ठरवलंय, आणि बिग वेस्टला फुटबॉल नाही. म्हणजे जहाज जाळून किनाऱ्यावर उतरलेत. एखादी कॉन्फरन्स, कितीही लांबची असो, फुटबॉलपुरतं घेईल या भरवशावर. मला ही घाई धोक्याची वाटते. निमंत्रण हातात नसताना जुनं घर सोडायचं नसतं.

प्रेअरी | १४ जानेवारी

धोक्याची खरी, पण लांबच्या कॉन्फरन्सचा पर्याय हसण्यावारी नेऊ नका. नॉर्दर्न इलिनॉय गेल्यावर मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्येही जागा आहे. पैसे घेऊन येणाऱ्याला तिथे नाही म्हणतीलच असं नाही.

सह्यकडा | १४ जानेवारी

माझा प्रश्न वेगळा आहे. इथे अमेरिकेत मास्टर्सला येणाऱ्या आपल्या मुलांच्या फीमध्ये खेळांचं शुल्क असतं, कित्येकांना ते कळतही नाही. विद्यापीठ वर गेलं की ते वाढतं का?

गणितवाली | १४ जानेवारी

बऱ्याच ठिकाणी वाढतं, आणि हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रक्षेपणाचे पैसे कमी, तिकीटविक्री कमी, मग खेळ विभागाचा खर्च भरतो कोण? विद्यार्थी शुल्क आणि विद्यापीठाचा सर्वसाधारण निधी. प्रवेश घेण्याआधी फीच्या पानावर "अनिवार्य शुल्क" उघडून त्यातली अ‍ॅथलेटिक्सची ओळ वेगळी पाहावी. काही ठिकाणी ती प्रति क्रेडिट असते, काही ठिकाणी प्रति सत्र ठरावीक.

व्हर्जिनिया राज्याचं उदाहरण चांगलं आहे. २०१५ च्या कायद्याने तिथे खेळाच्या बजेटमध्ये विद्यार्थी शुल्काचा वाटा किती असावा याला मर्यादा घातली. एफसीएसला ७० टक्के, बड्या कॉन्फरन्सबाहेरच्या एफबीएसला ५५ टक्के. म्हणजे वर जाताना शुल्कावरचं अवलंबन कमी करून दाखवावं लागतं. जेम्स मॅडिसनला सन बेल्टच्या निमंत्रणानंतर राज्याच्या समितीपुढे हाच हिशेब मांडून मंजुरी घ्यावी लागली. असा कायदा प्रत्येक राज्यात हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओहायोकर | १४ जानेवारी

जेम्स मॅडिसनचं नाव निघालंच आहे तर पुढचंही लिहूया, कारण वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तेच चित्र असतं. २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात ८-३. २०२३ मध्ये १०-० अशी सुरुवात. पण स्थित्यंतराच्या नियमामुळे सन बेल्टच्या अंतिम सामन्याला अपात्र, त्यांच्याऐवजी अ‍ॅपलेचियन स्टेट गेलं. आणि २०२५ मध्ये सन बेल्टचं विजेतेपद आणि थेट बारा संघांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये. ओरेगनकडून ५१-३४ हरले, पण चौतीस गुण करून हरले.

ते आत कसे गेले तेही पाहण्यासारखं आहे. २०२५ च्या हंगामात नियम असा होता की क्रमवारीत सर्वांत वरचे पाच कॉन्फरन्स विजेते आत. यंदा एसीसी जिंकली ड्यूकने, तेही पाच पराभव पदरी असताना. त्यामुळे ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन दोघेही ड्यूकच्या वर राहिले. चार वर्षांपूर्वी एफसीएसमध्ये असलेला संघ एसीसीच्या विजेत्याला मागे टाकून आत!

गणितवाली | १५ जानेवारी

ओहायोकर, आनंद मलाही झाला. पण बिघडलेली उदाहरणंही धाग्यात असू द्या.

आयडाहो. मॉस्को नावाचं छोटं गाव, किबी डोम १६ हजारांचा. सन बेल्टमध्ये फुटबॉलपुरते सदस्य, म्हणजे दर दुसऱ्या आठवड्याला जॉर्जिया, अलाबामा, लुइझियाना. मार्च २०१६ मध्ये सन बेल्टने ठरवलं की २०१७ नंतर यांना ठेवायचं नाही. त्याच २०१६ च्या हंगामात आयडाहोने नऊ सामने जिंकले आणि बाउलमध्ये कोलोराडो स्टेटला ६१-५० हरवलं. तरी उपयोग नाही. २०१८ मध्ये ते आपणहून एफसीएसमध्ये, बिग स्कायमध्ये परतले. फुटबॉलपुरता सदस्य सर्वांत आधी बाहेर काढला जातो, प्रेअरींनी हे विसरू नये.

यूमास. २०१२ मध्ये मिड-अमेरिकनमध्ये फुटबॉलपुरते. घरचे सामने अ‍ॅमहर्स्टपासून दीडशे किलोमीटरवर, फॉक्सबरोच्या एनएफएल (व्यावसायिक लीग) स्टेडियममध्ये. विद्यार्थी एवढ्या लांब येणार कसे? कॉन्फरन्स म्हणाली पूर्ण सदस्य व्हा, ते नाही म्हणाले आणि २०१५ नंतर बाहेर पडले. नऊ वर्षं स्वतंत्र. स्वतंत्र म्हणजे दर वर्षी बारा सामने फोन करकरून जुळवायचे आणि नोव्हेंबरला कोणी मिळत नाही. २०२५ मध्ये सगळे खेळ घेऊन परत मिड-अमेरिकनमध्ये गेले, पहिला हंगाम ०-१२.

कृष्णाकाठ | १५ जानेवारी

त्याच्या उलट केनेसॉ स्टेट. २०२४ मध्ये पहिला हंगाम २-१०. २०२५ मध्ये कॉन्फरन्स यूएसएचे विजेते, अंतिम सामन्यात जॅक्सनव्हिल स्टेटवर १९-१५. फुटबॉलच मुळात २०१५ मध्ये सुरू झालेलं. फरक कशाने पडला? अटलांटाच्या कडेला आहे. तास-दीड तासाच्या अंतरात एवढे चांगले हायस्कूल खेळाडू की दुसरीकडे बाकावर बसलेला मुलगा ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) घराजवळ यायला तयार असतो. मॉस्को किंवा फार्गोला हे जमणार नाही, तिथे खेळाडू चार-पाच वर्षं घडवावे लागतात. पोर्टलच्या काळात तो घडवलेला खेळाडूच मोठे संघ नेतात.

अनुजा_नाशिक | १५ जानेवारी

आणि फुटबॉल सोडून इतर खेळ? व्हॉलीबॉल, पोहणं, ट्रॅक यांच्या मुलामुलींना या सगळ्यात कोणी विचारतं का?

गणितवाली | १५ जानेवारी

अनुजा, फारसं नाही, आणि मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. फुटबॉल आठवड्यातून एकदा, तेही बहुतेक शनिवारी. व्हॉलीबॉलचे आठवड्याला दोन सामने. बिग टेन आता रटगर्सपासून वॉशिंग्टनपर्यंत, १८ विद्यापीठं. न्यू जर्सीची मुलगी सिअ‍ॅटलला गुरुवारी खेळते, शनिवारी ओरेगनला, आणि सोमवारी सकाळी वर्गात बसते. फुटबॉल वेगळा काढून इतर खेळ जवळच्या कॉन्फरन्समध्ये ठेवण्याची नॉर्दर्न इलिनॉयची पद्धत म्हणूनच मला पटते, आयडाहोचा धोका मान्य करूनही.

खाली उतरणारेही आहेत. पेन्सिल्व्हेनियाच्या सेंट फ्रान्सिसने मार्च २०२५ मध्ये कॉन्फरन्स जिंकून बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश केला, अलाबामा स्टेटकडून अगदी शेवटच्या क्षणी हरले, आणि आठवड्याभरात जाहीर केलं की आता डिव्हिजन थ्रीमध्ये जाणार. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते.

उत्तरवारा | १६ जानेवारी

चर्चा चांगली रंगली. माझा अंदाज: माँटाना आणि माँटाना स्टेट इतक्यात हलणार नाहीत. दोघांवर राज्याचं एकच नियामक मंडळ आहे, एकाला सोडून दुसऱ्याला पाठवणं तिथे कोणाला झेपणार नाही, आणि बिग स्कायमध्ये त्यांची मैदानं भरतात. साउथ डकोटा स्टेट शेजाऱ्याकडे बघून ठरवेल. नॉर्थ डकोटा स्टेट जाईल, पण स्वतः पैसे मोजून आणि फुटबॉलपुरतं. सॅक्रॅमेंटोला जो पहिला दरवाजा उघडेल तो, मग तो कितीही पूर्वेला असो.

रेडरिव्हर, प्रक्षेपणाचे करार कधी संपतात तेवढं टाकाल का?

रेडरिव्हर | १६ जानेवारी

बिग टेन २०२९-३०, बिग १२ २०३०-३१, एसईसी २०३३-३४, एसीसी २०३६. एसीसीचं बाहेर पडण्याचं शुल्क मार्च २०२५ च्या तडजोडीनंतर दर वर्षी १ कोटी ८० लाख डॉलरने उतरतंय: २०२५-२६ ला साडेसोळा कोटी, २०३०-३१ ला साडेसात कोटी आणि मग तिथेच स्थिर. बिग टेनचा करार संपणं आणि एसीसीचा दरवाजा स्वस्त होणं एकाच सुमारास येतंय. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन त्या वेळी काय करतात त्यावरून सन बेल्ट आणि कॉन्फरन्स यूएसएपर्यंत जागा रिकाम्या होतील.

त्याआधीची हालचाल बघायची तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात लक्ष ठेवा. बहुतेकांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, सोडण्याची नोटीस ३० जूनच्या आत गेली तर दंड कमी. विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाची अचानक बोलावलेली बैठक आणि विषयपत्रिकेवर "अ‍ॅथलेटिक्ससंबंधी करार" एवढीच ओळ दिसली, की समजायचं कोणीतरी निघालं.